ढमढेरेबाईंची विलायत

आमच्या रेडिओ केंद्राला दार होतं, पण त्या दाराची कडी कधी लागत नसे. खुटबावच्या अलीकडे माळावर एका शेतकी संस्थेनं दोन खोल्या बांधून दिलेल्या, वर एक उंच मनोरा आणि आत आम्ही तिघं-चौघं. मोबाईलमध्ये नुकताच रेडिओ यायला लागला होता, त्या काळातली ही गोष्ट. कांद्याचे भाव, गाईंच्या लसी, कालव्याला पाणी कधी सुटणार, मधूनमधून भजन, असा आमचा कार्यक्रम. लोक दवाखान्यात यावं तसे आमच्याकडे येत. कुणाची म्हैस चुकलेली असे, कुणाला नातीचं गाणं लावून घ्यायचं असे.

एका सकाळी अशाच एक बाई आल्या. इस्त्रीची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी कुणाकडे न बघता आधी भिंतीवरची पाटी वाचली. 'शांतता राखा, ध्वनीमुद्रण चालू आहे.'

"ध्वनिमुद्रणातला नि ऱ्हस्व," त्या म्हणाल्या. "बसू का?"

मराठीच्या शिक्षिका असणार, असं मला वाटलं. निघाल्या इंग्रजीच्या. न्हावऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सुमती ढमढेरे. न्हावरं नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात. तिथून त्या चौफुल्याच्या एसटीनं आल्या होत्या आणि शेवटचा टप्पा कुणाच्या तरी दुधाच्या गाडीवरून.

"मी एक विनोदी श्रुतिका लिहिली आहे," त्या म्हणाल्या. "इंग्लंडात घडते. दीडशे वर्षांपूर्वीच्या."

आमचे केंद्रप्रमुख देशमाने सर कृषी पदवीधर. अतिशय सज्जन आणि त्याहून अतिशय भित्रे. ते म्हणाले, "बाई, आपला श्रोता म्हणजे शेतकरी. त्याला कांदा पाहिजे."

"कांद्यानं लोक रडतात. ते उरकलं की माझं लावा."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुढं मला कळलं, की बाई स्वतःच्या विनोदावर कधीच हसत नसत. दुसरा कुणी हसला तर त्याच्याकडे असं बघत, जणू त्यानं वर्गात डबा उघडलाय.

बाईंचं माहेर दौंडचं. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. तिथले साहेब लोक, अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून निघून गेली, तशी त्यांच्या घरातली पुस्तकं रद्दीत आली. बाईंचे वडील रेल्वेत फिटर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण भजी बांधायला निघालेली जाडजूड कापडी बांधणीची पुस्तकं बघवेनात, म्हणून ते ती उचलून घरी आणत. अशा जुन्या विलायती कादंबऱ्या बाईंनी शाळेत असल्यापासून वाचल्या आणि जन्मभर वाचत राहिल्या. वाचत आणि चिडत.

"सहाशे पानं!" त्या मला सांगत. "आणि होतं काय? एक अनाथ मुलगी, एक खडूस मावशी, एक धुक्यातली हवेली. मुलगी पावसात भिजते, तिला ताप येतो. जो तो दुसऱ्याला काहीतरी सांगायचं टाळतो आणि त्या टाळण्यात तीन खंड भरतात. या लोकांना एक बरा डॉक्टर आणि एक वेळेवर येणारी एसटी मिळाली असती ना, शितोळे, तर निम्म्या कादंबऱ्या लिहाव्याच लागल्या नसत्या."

शितोळे म्हणजे मी. ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालवणं हे माझं काम. बाई सगळ्यांना हजेरी घेतल्यासारखं आडनावानं हाक मारत. एवढं चिडूनही त्या पुस्तकांवर त्यांचं फार प्रेम होतं. एखादा परिच्छेद आठवला की त्या डोळे मिटून तो इंग्रजीतून म्हणत आणि शेवटी "किती खोटं, पण किती सुंदर लिहिलंय" असं म्हणून चष्मा पुसत.

श्रुतिकेचं नाव होतं 'लॉर्ड ब्लॅकवूडची हवेली'. ते एक दिवससुद्धा टिकलं नाही, कारण लॉर्डच्या कामासाठी बाईंनी गेनबामामा कोकरे यांना निवडलं.

गेनबामामांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. मामांनीही उमेदीत तेच केलं. आता खुटबावला घर, चार गाई आणि थोडी जमीन. ते आमच्याकडे आले होते ते गाईच्या खुरकुताची तक्रार घेऊन. ती ते बाहेर उभे राहून सांगत होते आणि आत बंद खोलीत आमच्या यंत्राचा काटा लाल रेघेच्या पार गेला होता. बाई ताडकन उठल्या.

"हा आवाज कुणाचा?"

"माझा हाय," मामा म्हणाले. "का? लई मोठा झाला का?"

"लॉर्डचा आहे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून या."

मामांना वाचता येत होतं, पण ब्लॅकवूड हे नाव त्यांच्या तोंडात बसेना. बळवूड, बळवूड असंच यायचं. तिसऱ्या खेपेला बाईंनी पेन काढलं आणि सगळ्या पानांवर ब्लॅकवूड खोडून बळवूड केलं. "त्याच्या बापाचं नाव बळवंत होतं, असं समजू," त्या म्हणाल्या. मायक्रोफोन आतल्या खोलीत आणि मामा दाराबाहेर पायरीवर, अशी व्यवस्था ठरली. तरी आवाज थोडा जास्तच व्हायचा.

नायिका होती मिस अगाथा, हवेलीत मुलांना शिकवायला आलेली अनाथ मुलगी. ते काम कासुर्डीच्या अंगणवाडीच्या सुनंदाताईंकडे आलं. अगाथाची दोन दिवसांत आगाताई झाली. सुनंदाताई हुशार आणि फटकळ. पहिल्याच भागात लॉर्ड ओरडतो आणि अगाथा बेशुद्ध पडते, असं लिहिलं होतं. ताईंनी वाचायचं थांबवलं.

"बाई, ही कशापायी पडती?"

"त्या काळच्या बायका पडायच्या गं. घट्ट कपडे असायचे. श्वास कोंडायचा."

"मग सैल करायचे. मी रोज सायकल हाणत अंगणवाडीत जाते, साठ पोरं सांभाळते. कुणी नुसतं वरडलं म्हणून मी न्हाई पडायची."

मला वाटलं, बाई आता छडी काढतात. त्यांनी पेन काढलं. मग त्यांनी ते वाक्य खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. त्या भागात लॉर्ड बळवूड गरजतो, "मिस अगाथा, आपण आता बेशुद्ध पडावं!" आणि अगाथा म्हणते, "आज न्हाई जमायचं, साहेब. उद्या बाजार हाय."

तो भाग लागला आणि आठवड्याभरात केडगावच्या बाजारात बायका एकमेकींना हेच वाक्य ऐकवू लागल्या. पुढं प्रत्येक भागात अगाथाला पडायचा हुकूम व्हायचा आणि प्रत्येक भागात तिला काहीतरी काम असायचं. कधी दळण, कधी पल्स पोलिओ. ते वाक्य दर वेळी सुनंदाताई स्वतः सुचवायच्या. कुणी बरोबर वाचलं किंवा चांगलं सुचवलं, की बाई बोलत नसत. हवेत बोटानं एक बरोबरची खूण करत. आमच्यात त्या खुणेला फार मोल होतं.

रेडिओवर धुकं कसं आणायचं, हा एक मोठा प्रश्न. बाईंच्या मते धुक्याशिवाय विलायत म्हणजे मिठाशिवाय भाकरी. मी संगीताचे नाना प्रकार लावून दाखवले. त्यांना एकही पटला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा खोकत बोला आणि एकमेकांना धडका. धडकलं की विचारा, कोण आहे?" झालं. पुढच्या भागात लॉर्ड, अगाथा, स्वयंपाकीण सगळे आपल्याच हवेलीत "कोन हाय?" "मी हाय!" "मी म्हंजी कोन?" करत हिंडत होते आणि यंत्रापाशी बसून मला उचकी लागली होती.

घोडागाडीसाठी मात्र त्यांना खरा घोडा हवा होता. केडगावहून एका लग्नातली घोडी आणली, सोबत तिचा मालक. घोडी माळावर दगडासारखी उभी. चुचकारून झालं, हरभरा देऊन झाला, ती पाऊल उचलेना. बाई तिच्यासमोर उभ्या राहून "चाल" म्हणाल्या. शाळेतली दोन-तीनशे पोरं त्या शब्दासरशी चालली असतील, घोडी नाही चालली. तेवढ्यात पायरीवर बसलेल्या गेनबामामांनी तालीम म्हणून आपलं वाक्य टाकलं, "कोन आलंय माझ्या हवेलीत?" घोडी उधळली ती थेट शेजारच्या कांद्यात आणि मालक तिच्यामागं, "अगं ए राणी! थांब गं राणी!"

माझं यंत्र चालू होतं. टापांचा आवाज इतका झकास आला, की आम्ही तो प्रत्येक भागात वापरला. मागून येणारी मालकाची हाक मात्र काही केल्या काढता आली नाही. श्रोते विचारू लागले, "ती राणी कोन? ती गोष्टीत कवा येनार?" बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "विलायत म्हटली, की राणी असणारच."

आमचा आवाज नदीपलीकडे नीट पोचत नसे. न्हावऱ्याकडचे लोक श्रुतिकेच्या वेळेला गच्चीवर चढत, कुणी पाण्याच्या टाकीवर. बाई संध्याकाळी घरी परतताना गच्च्यांवर माणसं दिसली, की त्यांना कळायचं, भाग लागला आहे. त्या वर बघत नसत. पण चाल जरा हळू करत, असं मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं.

आणि मग माळ्याचं प्रकरण सुरू झालं.

जुन्या विलायती गोष्टींत हवेलीच्या माळ्यावर कुणीतरी कोंडलेलं असतंच. आमच्या हवेलीत ती लॉर्डची धाकटी भावजय होती. शिकलेली, पुस्तकं वाचणारी, म्हणून वर ठेवलेली. ती कधी बोलत नसे. फक्त धप्प धप्प आवाज येई. अगाथा विचारी, "वर कोण आहे?" आणि लॉर्डपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळे एका सुरात म्हणत, "मांजर हाय." मग वरून पुस्तक पडल्याचा आवाज आला, की अगाथा म्हणे, "मांजर वाचतंय जणू."

लोक पोट धरून हसले. पण नदीकाठच्या एका गावात ते हसणं एका घराच्या दारापर्यंत जाऊन थांबत होतं. ते घर बापूसाहेबांचं. मोठे बागायतदार, सोसायटीत शब्दाला वजन आणि आमच्या संस्थेचे विश्वस्त. त्यांची धाकटी सून जयश्री न्हावऱ्याची, बाईंची विद्यार्थिनी. शिक्षिका व्हायचं म्हणून डी.एड.ला गेली होती. मध्येच लग्न झालं आणि पुढचं वर्ष राहिलं ते राहिलंच. घरात तिला कशाला कमी नव्हतं. कुणी बोट लावलं नव्हतं. फक्त पुस्तकं बांधून वर टाकलेली आणि विषय बंद. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी बापूसाहेबांना चहा देताना विचारलं, "बापू, मांजर बरं हाय नव्हं?" आणि बैठक हसली.

दुसऱ्या दिवशी देशमाने सरांना बापूसाहेबांचा फोन आला. ती बाई माफी मागेल, रेडिओवर, सगळ्यांच्या देखत. नाहीतर केंद्राला संस्थेची जागा मिळणार नाही.

सरांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, माझं सोडा. पण या पोरांच्या नोकऱ्या आहेत. मनोरा उतरवला, तर पुन्हा उभा राहायचा नाही."

गेनबामामा पायरीवरून उठून आत आले. "बाई, माफी मागायची न्हाई," ते म्हणाले. "लॉर्ड मी हाय. माझं नाव सांगा. मी बघतो कोन काय म्हनतो."

"कोकरे, बसा," बाई म्हणाल्या. मग देशमाने सरांकडे वळल्या. "मागते की माफी. त्यात काय! कधी मागू?"

मला ते आवडलं नाही. सुनंदाताई तर उठून बाहेर गेल्या. बाई पुढच्या भागाच्या वेळी आल्या, खुर्चीत ताठ बसल्या आणि मला म्हणाल्या, "शितोळे, लाल दिवा लाव." ध्वनिमुद्रण नव्हतंच, थेट प्रक्षेपण होतं. सर काचेपलीकडे हात जोडून उभे. बाईंनी बोलायला सुरुवात केली, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात त्या आवाजात.

"मी सुमती ढमढेरे, राहणार न्हावरे, सर्व श्रोत्यांची मनापासून माफी मागते. माझी गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतली आहे. तिथल्या एका घरात शिकलेल्या सुनेला माळ्यावर ठेवलं आहे. असं आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यात कुठंही घडत नाही. आपल्याकडे लग्न झालं म्हणून कुणाचं शिक्षण अर्ध्यावर सुटत नाही. सुनेची पुस्तकं आपण कधी बांधून ठेवत नाही. आपल्या माळ्यावर फक्त कांदा असतो. तरीही कुणाला लॉर्ड बळवूडमध्ये आपला चेहरा दिसला असेल, तर त्यांनी कृपा करून केंद्रावर यावं आणि आपलं नाव सांगावं. मी त्यांचं नाव घेऊन त्यांची वेगळी माफी मागेन. आता ऐका कांद्याचे भाव."

काचेपलीकडे देशमाने सर खाली बसले, खुर्ची नसताना. आणि फोन वाजला.

पहिली बाई राहू गावची होती. "बाई, माफी मागू नका. आमच्या माळ्यावर कांदा न्हाई. माझी बारावीची पुस्तकं हायेत." दुसरी म्हणाली, "माझ्या सासऱ्याचं नाव लिव्हून घ्या. ते सोता यायचे न्हाईत, म्हनून मी सांगते." तिसऱ्या फोनवर एक म्हातारा होता. त्यानं स्वतःचंच नाव सांगितलं आणि विचारलं, नात पुढच्या वर्गाला घातली तर माफी रद्द होते का? फोन खाली ठेवायला फुरसत मिळेना. सुनंदाताई आत आल्या, पदर खोचून दुसऱ्या फोनवर बसल्या. बाहेर पायरीवर गेनबामामा एकटेच टाळ्या वाजवत होते आणि त्या टाळ्याही प्रक्षेपणात गेल्या.

बापूसाहेबांची जीप दोन-तीन दिवसांनी आली. माळावर धुरळा दिसला तसे देशमाने सर फायली लावायला मागच्या खोलीत गेले. बापूसाहेब उंच, पांढरीशुभ्र टोपी, सोबत कुणी नाही. बाई टेबलापाशी पानं तपासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"या. बसा."

बापूसाहेब बसले नाहीत. "त्ये नाव सांगायचं म्हनला होता न्हवं तुम्ही? म्हनून आलो. लिव्हा माझं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे त्यांनाही अपेक्षित नसावं.

"कशासाठी?"

"माझी आई हाय घरी. नव्वदीच्या पुढं गेली. वरच्या खोलीत असती, गच्चीवर बसून ऐकती तुमचं. काल म्हनाली, तू जातोस, का मी जाऊन सांगू? तिला जिना उतरवत न्हाई, म्हनून मीच आलो." मग ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "लोक हसत्यात, बाई. मी रागावलो की आनखी हसत्यात. आता म्हनलं, आपुन बी हसून बघावं."

"चहा घ्या," बाई म्हणाल्या.

चहा झाला. बापूसाहेब कप ठेवत म्हणाले, "ती माळ्यावरची बाई खाली कवा येनार? घरी सगळी इचारत्यात."

"तिला आवाज मिळाला, की येईल."

"म्हंजी?"

"तिचं काम करायला कुणी मिळत नाही. चांगलं वाचणारी पाहिजे. तुमची जयश्री वर्गात फार चांगलं वाचायची."

बापूसाहेबांनी टोपी काढून तिची घडी नीट केली. "घरातल्यास्नी इचारतो," ते म्हणाले.

"घरातल्यांना नको," बाई म्हणाल्या. "तिला विचारा."

ते जीपकडे गेले. गेनबामामा म्हणाले, "आता काय यायचं न्हाईत." बाईंनी पुढच्या भागाची पानं लिहायला घेतली. त्यात माळ्यावरच्या बाईचं पात्र होतं. फक्त तिच्या पहिल्या वाक्याची जागा कोरी होती.

जयश्री आली, सासूबाईंसोबत. मागून जीप लावून बापूसाहेब बाहेरच बसून राहिले. सडपातळ मुलगी, नजर खाली. बाईंनी तिला पानं दिली, डोक्यावर हात ठेवला नाही की कौतुक केलं नाही. "मोठ्यानं वाच. शेवटच्या बाकापर्यंत जायला पाहिजे," एवढंच.

"बाई, इथं काही लिहिलं न्हाई," जयश्रीनं कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"तिथं तुझ्या मनानं बोल."

हा भागही थेटच जाणार होता. दिवा लागला. अगाथा जिना चढून वर गेली, कुलूप पडलं, दार करकरलं. गेनबामामा बाहेर पायरीवर तयार होते. माळ्यावरची बाई बोलली, की लॉर्डनं हवेली हादरेल असं ओरडायचं होतं. जयश्री मायक्रोफोनसमोर उभी राहिली. काही बोलेना. रेडिओवर शांतता फार मोठी वाटते. मी बाईंकडे पाहिलं, त्यांनी मला हातानं थांब म्हटलं.

"माझी पुस्तकं कुठं हायेत?" जयश्री म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आता मामांनी ओरडायचं होतं. मी आवाजाची पट्टी खाली ओढून धरली. पायरीवरून काहीच येईना. मग गेनबामामांचा आवाज आला. इतका हळू, की मला ती पट्टी पुन्हा वर न्यावी लागली. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

"हायेत, पोरी. पेटीत नीट ठेवल्यात. आनून देतो."

हे वाक्य पानावर नव्हतं. सुनंदाताईंनी तोंडाला पदर लावला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी हवेत बरोबरची खूण केली, एक जयश्रीला, एक दाराबाहेरच्या मामांना. मग माझ्याकडे बघून पान उलटलं आणि गोष्ट पुढं गेली. त्या भागात शेवटी घोडागाडी आली, टापा वाजल्या, मागून "अगं ए राणी" झालं आणि जयश्री पहिल्यांदा हसली. ते हसणंही हवेत गेलं.

बाहेर जीपमध्ये रेडिओ लावलेला होता. बापूसाहेब उतरले नाहीत. जयश्री आणि सासूबाई बसल्यावर ते बाईंना एवढंच म्हणाले, "शिरूरचं कॉलेज कवा सुरू होतं?"

"जूनमध्ये," बाई म्हणाल्या.

जूनमध्ये जयश्री गेली. पुढं ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. शनिवारी अर्धी शाळा सुटली, की श्रुतिकेसाठी केंद्रावर येई. मी एकदा बाईंना विचारलं, "बाई, तुम्ही हे सगळं आधीपासून जयश्रीसाठी लिहीत होता ना?"

"मी इंग्लंडबद्दल लिहीत होते, शितोळे," त्या म्हणाल्या. "चूक आढळली का कुठं?"

'लॉर्ड बळवूडची हवेली' काही वर्षं चालली. तिची कीर्ती पुण्यापर्यंत गेली आणि तिथल्या मोठ्या रेडिओ केंद्रानं सगळ्या मंडळींना ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं. मंडळी निघाली त्या दिवशी मी केंद्रासाठी दुरुस्त केलेलं यंत्र घेऊन पुण्याहून मोटरसायकलवर परत येत होतो. कासुर्डीपाशी हायवेला एसटी बंद पडलेली दिसली आणि रस्त्याच्या कडेला आमची सगळी पलटण. गेनबामामांनी नवा लाल फेटा बांधलेला, सुनंदाताई आणि जयश्री येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होत्या. बाई मात्र हात करत नव्हत्या. त्या सरळ रस्त्यात उतरून उभ्या होत्या. शेवंतीची पोती भरलेला एक टेम्पो त्यांच्यासमोर करकचून थांबला.

मी गाडी लावून पलीकडे पोचेपर्यंत मामा, ताई आणि जयश्री मागं फुलांच्या पोत्यांवर चढूनही बसले होते. बाई पुढं ड्रायव्हरशेजारी चढत होत्या. ड्रायव्हर तरुण, विदर्भाकडचा असावा. आमचं केंद्र त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

"कुठं एवढ्या घाईनं, मावशी?" त्यानं विचारलं. "काय करता तुम्ही?"

"मी लेखिका आहे," बाई म्हणाल्या.

त्यानं टेपवरचं गाणं बंद केलं. सीटवरचा टॉवेल काढून झटकला आणि नीट अंथरला. "मग आरामात बसा," तो म्हणाला. "सावकाश नेतो."

"सावकाश नको," बाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. "लोक वाट बघतायत."